कुठं काचतंय?

पहिल्या भेटीत त्या गृहस्थांनी मला ना नाव विचारलं, ना गाव. मी त्यांच्या शेडच्या दारात उभी राहिले, त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि डाव्या बुटाकडे बोट दाखवून विचारलं, "वार क्नेल्त हेत?" सून शेजारीच होती. ती म्हणाली, "आई, ते विचारतायत, कुठं काचतंय."

आता खोटं कशाला सांगू, काचत होतं. आदल्याच दिवशी मुलाने हौसेने चालायचे नवे बूट आणून दिले होते आणि "कसे आहेत?" म्हणून विचारल्यावर मी "छान" म्हटलं होतं. लेकाने आणलेल्या वस्तूला आणखी काय म्हणायचं? करंगळीपाशी असं दाटत होतं की स्टेशनपर्यंत जाईतो डोळ्यांत पाणी आलं होतं, पण घरात कोणाला बोलले नव्हते. आणि ह्या परक्या माणसाला ते दारातच कळलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, बूट काढून घेतला, ओलं फडकं लावून आत लाकडाचा ठोकळा ठोकला आणि ठेवून दिला बाजूला. दोन तास मी मोज्यांवर बसून होते. तो बूट मी अजून वापरते.

मुलगा राहतो त्या ब्रेडा गावाच्या बाहेर, जिथे घरं संपून कुरणं सुरू होतात, तिथे कालव्याच्या कडेला त्यांची शेड होती. आमच्याकडे तालुक्याच्या गावी पूर्वी जिनगर असत ना, खोगिरं नि लगाम शिवणारे, तसे हे इकडचे जिनगर. वय पंचाहत्तरीचं असेल. नवीन माल बनवायचं त्यांनी सोडलं होतं. ज्यांचा घोडा लगाम घालू देत नाही, डोकं झटकतो, जीभ बाहेर काढतो, असे लोक लांबलांबून त्यांच्याकडे यायचे. घोड्यांचा डॉक्टर झाला, दातांचा डॉक्टर झाला, सगळं झालं की मग ह्यांच्याकडे.

माणूस आयुष्यभर पट्टे शिवत आला, पण स्वतःच्या अंगावर आवळणारा एक पट्टा नाही. कमरेला पट्टा नाही, पँट धरायला खांद्यावरून सैल गॅलिस. बुटांना नाड्या नाहीत. मनगटी घड्याळ होतं, पण ते खिळ्याला टांगलेलं. शर्टाचं वरचं बटण मी त्यांना कधी लावलेलं पाहिलं नाही, थंडी असो की वारा. एकदा मी सुनेकरवी विचारलं, तर म्हणाले, दिवसभर दुसऱ्यांचं काचणं बघतो, संध्याकाळी मला माझं नको.

शेडच्या भिंती म्हणजे खिळेच खिळे. खिळ्यांवर घोड्याच्या तोंडात घालायचं ते लोखंड, त्याला ते 'बिट' म्हणतात, आमच्याकडे जुनी माणसं कडियाळं म्हणत. सरळ, वाकडं, मध्ये एक जोड असलेलं, दोन जोड असलेलं, रबराचं, तांब्याचं. प्रत्येकाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी. मला वाटलं किंमत असेल. सुनेने वाचून दाखवलं तर त्यावर घोड्याचं नाव आणि ते का बसलं नाही ते लिहिलेलं. 'जिभेवर दाब.' 'टाळूला लागतं.' 'ओठाच्या कोपऱ्यात चिमटा.' जे बसलं ते घोड्याबरोबर घरी गेलं. भिंतीवर राहिलं ते सगळं न बसलेलं. आपण दुकानात चांगला माल दर्शनी लावतो, ह्यांनी चुका लावल्या होत्या, आणि रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ झटकायचे.

त्यांच्याकडे पहिल्यांदा गरम पाणी प्यायले तो प्रसंग सांगते. मला सकाळी गरम पाणी प्यायची सवय. टेबलावर दोन मग होते, एकात काळी कॉफी, दुसऱ्यात गरम पाणी. मला वाटलं, बघा, किती ओळखणारा माणूस, माझ्यासाठी पाणी ठेवलंय. अर्धा मग प्यायले. मग तळाशी काहीतरी खणखणलं. बघते तर आत बिट. थंड लोखंड घोड्याच्या तोंडात घालायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून ते गरम पाण्यात ठेवलेलं. सून तर मेल्याहून मेली. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "आधी कोणीतरी माणसाने चव घेतलेली बरी." बिट धुतलेलं होतं असं त्यांनी नंतर सांगितलं. मी विश्वास ठेवला, दुसरा इलाजच नव्हता.

शेडमध्ये 'खोडसाळ घोडा' हा शब्द चालत नसे. कोणी तो उच्चारला की त्याला बाहेर जाऊन पुन्हा दार ठोठावून आत यावं लागे, आणि ह्या वेळी घोडा काय करतो एवढंच सांगायचं, तो कसा आहे ते नाही. एकदा अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासमधले कोणी बडे साहेब आले होते. काचेच्या इमारतीत बसणारे, कानात फोनचं यंत्र. त्यांना तीनदा बाहेर जावं लागलं. त्यांच्या घोड्याच्या नाकावरचा पट्टा इतका आवळलेला की आत बोट जाईना. म्हाताऱ्यांनी काही वाद घातला नाही. साहेबांचाच गळपट्टा घेतला, त्यांच्या नाकावरून हनुवटीखाली गुंडाळून घट्ट बांधला आणि हातात चीज लावलेला पाव दिला. म्हणाले, खा. साहेब लाल झाले. पण सात-आठ जणं बघत होती, मुकाट्याने प्रयत्न केला. जबडा हलेना. मग म्हाताऱ्यांनी गाठ सोडली, मध्ये आपली दोन बोटं घातली आणि पुन्हा बांधली. साहेबांनी सगळा पाव खाल्ला आणि जाताना आणखी एक मागून घेतला.

दोन बोटं, हेच त्यांचं माप. फूटपट्टी नाही, टेप नाही. आणि एवढं सगळं करून हा माणूस आयुष्यात एकदाही घोड्यावर बसलेला नाही. भीती वाटते, म्हणाले, उंच असतात. मी हसले तर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मेफ्राउ दुसऱ्यांचे कपडे शिवतात, ते सगळे घालून बघतात का?"

मेफ्राउ म्हणजे बाईसाहेब. आणि मी कपडे शिवते हे खरं. पस्तीस वर्षं ब्लाउज शिवले. कोणाकडे शिकायला गेले नाही. लग्नानंतर सासूबाईंचा एक जुना ब्लाउज उसवला, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवले, कडेने पेन्सिल फिरवली, तोच माझा क्लास. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज माझ्या हातचे. सुनेसाठीही दर वर्षी इकडे येताना शिवून आणते. तिच्या लग्नातला मापाचा ब्लाउज मी जपून ठेवलाय, त्यावरूनच कापते. रायस्वाइक गावात मराठी लोकांचा गणपती असतो तिथे ती नेसते साडी, बायका विचारतात, कुठून शिवून घेतलास, आणि मला आपल्या घरी बसून गुदगुल्या होतात.

तर ह्या शेडपर्यंत मी पोचले कशी, ते सांगायचं राहिलंच.

मी दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे येते. त्या वर्षी आले तर अनघा, म्हणजे माझी सून, घरी. ती ब्रेडामध्येच मालवाहतुकीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघते. मार्चमध्ये एके दिवशी ती ऑफिसात खुर्चीवरून उठलीच नाही. पाय हलेनात, रडू थांबेना. इथे त्याला बर्नआऊट म्हणतात. आमच्या वेळी ह्याला नाव नव्हतं, म्हणून ते नव्हतं असं मी आता म्हणत नाही. हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, सांगितलं की डोक्याला विश्रांती द्या, हाताने काहीतरी करा. कोणीतरी तिला तबेल्यात नेलं. आधी नुसती लीद काढायला जायची. मग फेना नावाच्या घोडीशी तिचं जमलं.

फेना तपकिरी, पातळ कातडीची. माशी बसायच्या आधीच अंग थरथरवणारी. अनघा आठवड्यातून तीन दिवस तिची देखभाल करायची आणि तिच्यावर बसायला शिकायची. खरं सांगते, ज्या दिवशी घोडी, त्या दिवशी आमची सून आंघोळ करून, केस विंचरून बाहेर पडायची. बाकीचे दिवस बारा बारा वाजेपर्यंत पडदे लावलेले. मुलगा मला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "आई, त्या घोडीवर चाललंय आपलं घर."

आणि नेमकी तीच घोडी बिनसली. लगाम चढवायला गेलं की मान वर, कान मागे, चढवला की डोकं असं झटकायची की अनघाचा ओठ एकदा फुटला. दात तपासले, पाठ तपासली, सगळं ठीक. तबेल्याची मालकीण चांगली होती, पण व्यवहाराची बाई. तिने सांगितलं, ऑगस्ट संपेपर्यंत बघू, नाहीतर ज्याच्याकडून घेतली त्याला परत देऊन टाकते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गाडी येणार असं ठरलं. आणखी एक वाक्य ती बोलली, ते अनघाला जास्त लागलं: घोडीचा दोष नसेलही, अनघाचे हात कडक असतील.

अनघाने घोडी नाजूक म्हणून सगळ्यांत जाड, रबराचं बिट घेतलं होतं. जाड म्हणजे मऊ, असं तिचं गणित. घोडीला दोरीने धरून आम्ही कालव्याच्या कडेने शेडवर नेली. त्यांचा दुसरा नियम असा की घोडा साध्या दोरीवर आणायचा, बाकी काही बरोबर नको. "दागिने घरी ठेवून या," म्हणायचे. त्यांनी घोडीचे ओठ उचलून आत किती तरी वेळ बघितलं. मग अनघाला म्हणाले, हिची जीभ मोठी, टाळू खाली, तोंडात जागाच नाही. छोट्या खोलीत मोठा सोफा घातलास, मऊ आहे खरा, पण माणसाने बसायचं कुठं? भिंतीवरून एक बारीकसं, दोन जोडांचं, जिभेवरून वळलेलं बिट काढलं, मगमधल्या पाण्यात ठेवलं, स्वतःच्या एका जुन्या लगामाला लावून घोडीला चढवलं. घोडी शांत. नुसती चघळत उभी.

आम्ही खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी तबेल्यात तेच बिट, तीच घोडी, आणि मान पुन्हा आभाळात.

असं दोनदा झालं. त्यांच्या अंगणात गाय, तबेल्यात वाघ. मालकीणबाई म्हणाली, बघ, तिथे म्हातारा धरतो आणि इथे तू. त्या रविवारी घोडीचा दिवस असून अनघा उठली नाही.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हाताऱ्यांनी घोडी बाजूला बांधली आणि अनघालाच उभं केलं. लगाम तिच्या हातात दिला, बिट स्वतःच्या दोन्ही मुठींत धरलं आणि म्हणाले, डोळे मीट, मी घोडी. थोडं चालले, थांबले, डोकं झटकल्यासारखे हात हलवले. बराच वेळ हे चाललं. मग त्यांनी सांगितलं ते अनघा मला सांगेना, तेव्हा मी हट्टच धरला. म्हणाली, "आई, ते म्हणतात, तुझे हात मऊ आहेत. पण सारखे माफी मागतात."

आता मी केलेला पराक्रम.

आल्याच्या पहिल्या आठवड्यात मी तबेल्यात गेले होते. घोडीच्या कानामागून जो पट्टा जातो, सगळा लगाम ज्यावर टांगलेला असतो, तो मला फार राठ वाटला. माझ्या माहेरी पोळ्याला बैलांना झुली घालत, आणि माझी आई झुलीला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावायची, बैलाला टोचू नये म्हणून. माझ्याजवळ माझ्या दोन सुती साड्यांचे तुकडे होतेच. चार घड्या घातल्या, गोधडीसारखे बारीक धावदोरे घातले, वर निळी किनार लावली, आणि पट्ट्याभोवती गवसणी घालून पक्की शिवून टाकली. अगदी घोडीसाठी छोटी गोधडी. अनघाने बघितली आणि म्हणाली, "किती सुंदर, आई." तबेल्यातल्या मुलींनी फोटो काढले. सुनेला बरं वाटावं म्हणून माझ्या हातून काही झालं, ह्याचा मला कोण आनंद.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला. गोधडी घामाने मळली होती, एका बाजूचा टाका सैल झाला होता. मला वाटलं, घोडी जायची तर चांगल्या साजात जाऊ दे. त्या दिवशी दुपारी अनघा घोडीला खरारा करत होती. मी तिला न सांगता तो लगाम पिशवीत घातला आणि चालत शेडवर गेले. त्यांच्याकडे चामड्याची जाड सुई होती ती मागायला. आणि खोटं कशाला बोलू, काम दाखवायलाही. माझी डच भाषा म्हणजे दहा शब्द, त्यांची मराठी शून्य, पण सुईदोरेवाल्यांना किती बोलावं लागतं?

मी लगाम टेबलावर ठेवला. त्यांनी गोधडीवरून बोट फिरवलं. एकेक धावदोरा बघितला, उलट्या बाजूने बघितला, मान डोलावली. कारागिराला कारागिराचं कळतं. मग त्यांनी गोधडी दोन बोटांत धरून दाबली आणि हात तिथेच थांबला. माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला, खिशातला रुमाल घडी घालून माझ्या कानामागे ठेवला, दुसऱ्या कानामागे फडक्याची घडी, आणि त्यावरून चष्मा चढवला. चष्मा ताणून बसला. मग शांतपणे कॉफी करायला लागले.

पहिली दोन मिनिटं मला गंमत वाटली, मऊ मऊ वाटलं. मग कानामागे ठणकायला लागलं. मग कपाळात. त्यांनी कॉफी दिली, स्वतःची घेतली, खिडकीबाहेर बघत बसले. मी मान हलवून चष्मा सैल करायला बघत होते. एकदा डावीकडे, एकदा वर. आणि मान वर केलेली असतानाच माझ्या लक्षात आलं की मी हे काय करतेय.

अहो, पस्तीस वर्षं ब्लाउज शिवणारी बाई मी. अस्तराचा ब्लाउज असला की माप वाढवून घ्यायचं, नाहीतर काखेत काचतो, हे मी गल्लीतल्या पोरींना शिकवलं. आणि इथे पट्टा तेवढाच ठेवून आत चार घड्यांचं अस्तर भरलं. दोन महिने त्या मुक्या जनावराच्या कानामागे माझी माया अशी आवळून बसली होती, आणि आम्ही बिटं बदलत होतो.

त्यांनी चष्मा काढला नाही. समोर बसून विचारलं, "वार क्नेल्त हेत, मेफ्राउ?"

मी कानामागे बोट लावलं. मग गोधडीला लावलं. मला रडू यायला लागलं होतं. त्यांनी काही समजूत घातली नाही, नुसती छोटी कात्री पुढे सरकवली. माझं मीच उसवलं. इतके पक्के टाके मी आयुष्यात घातले नसतील, एकेक कापताना जीव गेला. त्यांनी तेवढ्यात एक जुना, रुंद पट्टा शोधून काढला, कानांपाशी आत वळलेला, कानाच्या मुळाला मोकळं ठेवणारा. तो लगामाला लावला, टोपी घातली, आणि कधी कोणाच्या तबेल्यात पाऊल न टाकणारा तो माणूस माझ्याबरोबर चालायला लागला.

अनघा घोडीपाशीच होती. माझ्या हातात लगाम, दुसऱ्या हातात उसवलेली गोधडी, मागे म्हातारा. तिला सगळं एका नजरेत कळलं असणार. कारण मी बोलायच्या आधी तीच बोलली.

"आई, मला वाटत होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या आठवड्यापासून वाटत होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही एवढं शिवलेलं. दोनदा कात्री घेऊन बसले, पण हात होईना. म्हणून गालाचे पट्टे एक भोक सैल केले, वाटलं तेवढ्याने भागेल." ती घोडीच्या मानेला कपाळ टेकवून उभी होती. "तिला बोलता येत नव्हतं, आई. मला येत होतं."

मी एवढंच म्हटलं, की चढव आता, बघू.

म्हाताऱ्यांनी हात लावला नाही. अनघानेच बिट तळहातात धरून गरम केलं, लगाम चढवला, कानापाशी अडकलेले केस मोकळे केले. घोडीने सवयीने मान वर न्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबली. कान एकदा पुढे, एकदा मागे केले, जणू जे यायचं होतं ते आलं कसं नाही म्हणून वाट बघतेय. मग मान खाली आली. अजून खाली. नाक अनघाच्या पोटाशी आलं आणि घोडीने जांभई दिली. घोड्याची जांभई मी त्याआधी पाहिली नव्हती, सगळे दात दिसतात, डोळे पांढरे होतात, माणूस घाबरेल. एक दिली, दुसरी दिली, पाचपर्यंत मी मोजल्या. म्हातारेबुवा म्हणाले, दोन महिन्यांची झोप आहे, येऊ द्या.

मालकीणबाई दारातून बघत होती. अनघा घोडीवर बसली, रिंगणात पाच चकरा मारल्या, मग दुसऱ्या बाजूने पाच. डोकं झटकलं नाही. मालकीणबाईने फोन काढला, बाजूला गेली, थोडं बोलली, आणि परत येऊन अनघाला म्हणाली की गाडी येणार नाही. आणि हातांबद्दल बोलले ते परत घेते. एवढंच. इकडची माणसं कमी बोलतात, पण परत घ्यायचं असेल तर तोंडावर घेतात. मी गवताच्या गठ्ठ्यावर बसूनच घेतलं.

पुढच्या वर्षी आले तेव्हा शेड बंद होती. म्हातारेबुवा समुद्राकाठी बहिणीकडे राहायला गेले होते. माल सगळा लोकांना वाटून टाकला, आणि माझ्यासाठी मालकीणबाईकडे एक पाकीट ठेवलं होतं. त्यात माझी उसवलेली गोधडी, त्या दिवशी जाताना त्यांनी माझ्याकडून मागून नेलेली, आता धुऊन घडी घातलेली. म्हणजे वर्षभर ती त्यांच्या भिंतीवर खिळ्याला होती तर. दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. अनघाने वाचून दाखवली: 'फेना. शिवण उत्तम. जागा कमी.'

एवढं प्रशस्तिपत्र मला पस्तीस वर्षांत कोणी दिलं नव्हतं. फेना अजून तिथेच आहे. अनघा चार दिवस ऑफिसला जाते, पाचवा दिवस घोडीचा.

पण त्या दिवशीची गोष्ट पुरी करते. आम्ही दोघी सायकली हातात धरून कालव्याच्या कडेने घरी निघालो होतो. अनघा समोर बघतच म्हणाली, "आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

म्हटलं, आज माझी रागवायची पत उरलेली नाही, विचार.

"ते माझे ब्लाउज, तुम्ही शिवता ते. तुम्ही अजून लग्नातल्याच मापावरून शिवता ना?"

मी थांबलेच. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. रायस्वाइकच्या गणपतीत ही पोरगी आरतीला हात वर करत नाही, हे माझ्या मुलाने एकदा फोनवर चेष्टेने सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, लाजाळू आहे.

घरी आल्यावर चहासुद्धा केला नाही. खिडकीपाशी चांगला उजेड होता. तिला ब्लाउज घालून उभं केलं, हात वर करायला लावले, चष्मा लावला, खडू घेतला आणि विचारलं, "हं, सांग. कुठं काचतंय?"

"इथं," ती म्हणाली. मग दुसऱ्या बाजूला बोट नेलं. "आणि इथंही. इथं तर खूपच."

मी तिन्ही ठिकाणी खुणा केल्या. आत दुमडलेल्या कापडाची माया भरपूर असते माझ्या शिवणीत, सोडायला हरकत नव्हती. मी उसवायला बसले तशी ती आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि उरलेले अकरा ब्लाउज घेऊन ती बाहेर आली.